धावणाऱ्यांची जोडी

सफाळ्याच्या स्टेशनात उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी स्टेशने एकामागून एक जातात. वाणगावही मागे पडते आणि डहाणू रोड यायच्या थोडे अलीकडे बेचाळीस किलोमीटर पुरे होतात. गाडीत जागा मिळालेल्या माणसाची तेवढ्यात एक चांगली डुलकी होते. जागा न मिळालेल्याचे विचारू नका! हेच अंतर, वर आणखी एकशे पंच्याण्णव मीटर, आपल्या दोन पायांनी धावत काटणे याला जग मॅरेथॉन म्हणते.

आमच्या या किनाऱ्याला हा शब्द आता परका राहिलेला नाही. २०११ सालापासून खाली वसई-विरारला महानगरपालिकेची मॅरेथॉन सुरू झाली आणि पहाटे रस्त्याने धावणारी माणसे गावोगाव दिसू लागली. त्यांत एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. एकटा धावणारा थोडा. बाप आणि मुलगी, नवरा-बायको, दोघे भाऊ, सासू-सून म्हणा ना, अशा जोड्या पुष्कळ. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला साहजिकच प्रश्न पडतो, की ही मूळची एकट्याची शर्यत घरच्या माणसांनी जोडीने धावायची कशी झाली? आणि जोडीने धावायचे म्हणजे नेमके करायचे काय? दोघांची पावले तर सारखी नसतात. मग कोणी कोणासाठी थांबायचे?

प्रथम मूळ कथा पाहू. ख्रिस्तपूर्व ४९० साली मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या ग्रीकांनी इराणी फौजेचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावला, वार्ता सांगितली आणि गतप्राण झाला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. गंमत अशी, की या काळाचा सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस ही गोष्ट सांगतच नाही. तो सांगतो ते निराळेच: लढाईच्या आधी फिडिपिडीस नावाचा जासूद मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावला आणि दुसऱ्या दिवशी पोचला. हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. धावून मेलेल्या जासुदाची कथा त्यानंतर कित्येक शतकांनी झालेल्या लेखकांची आहे. पण मरणाची कथा मनाला जास्त धरते हे खरे. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताने तीच उचलली आणि नव्या ऑलिंपिकमध्ये अशी एक शर्यत ठेवावी असे सुचवले. १८९६ साली अथेन्सला ती झाली.

ती जिंकली स्पिरिडॉन लुई या पाणी वाहून नेणाऱ्या गरीब ग्रीक माणसाने. कथेतला जासूद एकटा होता. लुई मात्र मैदानात शिरला तेव्हा ग्रीसचे दोन राजपुत्र, कॉन्स्टंटाइन आणि जॉर्ज, सख्खे भाऊ, प्रेक्षकांतून उठले आणि शेवटपर्यंत त्याच्या बरोबरीने धावत गेले. पहिल्याच मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात दोघे भाऊ असे जोडीने धावले; शर्यतीत त्यांचे नाव नव्हते, ही गोष्ट अलाहिदा.

पुढे असे सोबत धावणे कडक नियमाखाली आले, आणि त्याला १९०८ सालचे लंडन बऱ्याच अंशी कारण झाले. आजचे ते विचित्र अंतरही लंडनचेच. विंडसरच्या राजवाड्यापासून निघून राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपावी अशी आखणी झाली, ती सव्वीस मैल तीनशे पंच्याऐंशी यार्ड भरली. १९२१ साली तेच प्रमाण ठरले. त्या दिवशी डोरांडो पिएत्री हा इटालियन सर्वांत पुढे होता. मैदानात शिरताच तो भलत्याच दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. पंचांना राहवले नाही. त्यांनी त्याला उठवले, आधार दिला आणि रेषेपलीकडे पोचवले. अमेरिकनांनी तक्रार केली, डोरांडो बाद झाला आणि मागून आलेला जॉनी हेज विजयी ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने डोरांडोला एक पेला बक्षीस दिला. जग डोरांडोचे नाव विसरले नाही. हेजचे नाव किती जणांना ठाऊक आहे? पण नियम नियमच राहिला. धावणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही.

आपल्या माणसांचा या शर्यतीशी संबंध आला तो १९२० साली, बेल्जममधल्या अँटवर्पला. त्याचे श्रेय पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला आणि त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना द्यावे लागते. जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत खेड्यापाड्यांतली शेतकरी पोरे अनवाणी धावत. त्यांच्या वेळा पाहून दोराबजींना वाटले, की ही मुले युरोपच्या धावपटूंना फार मागे नाहीत. त्यांनी खटपट केली, पदरचे पैसे घातले आणि एक लहानशी तुकडी समुद्रापार पाठवली. तीत मॅरेथॉनसाठी दोघे होते: बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. अँटवर्पचा मार्ग नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा होता. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले एकोणिसावे आले, दोन तास पन्नास मिनिटे आणि वर पाऊण मिनिट एवढ्या वेळात. बेळगावच्या मातीतला माणूस त्या वर्षी जगातल्या पहिल्या वीसांत होता! आपल्या पाठ्यपुस्तकांत या माणसासाठी एक ओळ तरी असायला हवी होती, असे मला नेहमी वाटते.

आता याच शर्यतीतली दुसरी एक गोष्ट पाहा. पहिला आला हान्नेस कोलेमाइनेन हा फिनलंडचा धावपटू. दुसऱ्यापेक्षा त्याला अवघी काही सेकंदे अधिक मिळाली. आणि दहावा कोण आला? ताटू कोलेमाइनेन, त्याचाच भाऊ. आठ वर्षांपूर्वी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये हान्नेसने तीन सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ताटू मॅरेथॉनला उभा राहिला होता आणि त्या दिवशीच्या भयंकर उन्हात त्याला शर्यत सोडावी लागली होती. त्याच शर्यतीत लाझारो नावाचा पोर्तुगीज धावपटू कोसळला आणि मरण पावला. हे सारे पाहिलेला भाऊ १९२० साली पुन्हा रस्त्यावर उतरला. दोघे एका घरचे, एका देशाचे, एका रेषेवरून निघाले. तरी हान्नेस ताटूसाठी थांबला नाही, आणि ताटूने तशी अपेक्षा केली असेल असे मला वाटत नाही. याला जोडीने धावणे म्हणायचे की नाही?

याचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचकांना थोडे मागे, आपल्याच दप्तरात नेतो. मराठ्यांच्या कागदपत्रांत जासूद, हरकारे, कासीद ही माणसे पानोपानी भेटतात. राज्य चालायचे ते त्यांच्या पायांवर. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षे चालली. १७३९ च्या जानेवारीत आमच्या शेजारचे माहीम आणि तारापूर मराठ्यांनी घेतले, मे महिन्यात वसई पडली. या काळात खाडीकाठच्या छावण्यांतून घाटावर आणि घाटावरून खाली जी पत्रे गेली-आली, ती पायी गेली-आली. आमच्या सफाळ्यावर पहारा करणारा तांदुळवाडीचा किल्लाही याच धामधुमीत मराठ्यांकडे आला. त्याच्या पायथ्याने एखादा कासीद वैतरणेकडे धावत गेला असेल, अशी कल्पना करायला मला आवडते.

पण कासीद एकटा क्वचितच जाई. जुन्या पत्रांतून ‘कासीद जोडी’, ‘जासूद जोडी’ असे शब्द सारखे येतात. पत्र पाठवायचे म्हणजे जोडी पाठवायची. का बरे? वाट चालून पाहिलेल्या कोणालाही कारण कळेल. मध्ये वैतरणा, उल्हास अशा नद्या, खाड्यांचा चिखल, जंगलात वाघ, वाटेवर चोर, आणि कोकणातला हिवताप तर पाचवीला पुजलेला. एकाचा पाय मुरगळला, एकाला ताप भरला, तरी पत्र पोचले पाहिजे. जोडी असायची ती एकमेकांचा हात धरून बसण्यासाठी नव्हे. एक पडला तर दुसऱ्याने थैली घ्यायची आणि पुढे निघायचे. मागे राहिलेल्याला हे ठाऊक असे, पुढे जाणाऱ्यालाही. यात निष्ठुरपणा नव्हता. उलट, मागे राहिलेल्याचे धावणेही पुढच्याच्या पायांत जमा होई.

ही पायांची राजवट आमच्या भागापुरती संपली ती १८६४ साली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ सुरतेकडून मुंबईला येऊन भिडले. हरकाऱ्याच्या काठीच्या घुंगरांची जागा इंजिनाच्या शिट्टीने घेतली. धावणे हा पोटाचा धंदा राहिला नाही. त्यानंतर बत्तीसच वर्षांनी अथेन्सला ते खेळ म्हणून पुन्हा अवतरले. गरज संपली की कला सुरू होते, त्यातलाच हा प्रकार.

आता थोडे घरचे सांगतो. विषयाला सोडून नाही. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि माझे थोरले बंधू बावन्न. आमचे वडील त्रेपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. तो आकडा आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नाही, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा सर्वांना दिसत असतो. दादाने पन्नाशी ओलांडली आणि एके दिवशी जाहीर केले, की मला मॅरेथॉन धावायची आहे. वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ, भावजी, आता तुम्हीही जा. डॉक्टरांनी दोघांना तपासले, पुष्कळ कागद काढले आणि हळूहळू वाढवा म्हणून सांगितले.

सफाळ्याहून माकुणसारवरून केळव्याकडे जाणारा रस्ता आमची शाळा झाला. पाऊस सरल्यावर तांदुळवाडीच्या घाटाची चढणही धरली. पहाटेच्या गाडीसाठी भाजीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका आम्हांला पाहून हसत. एकीने तर विचारलेच, “काय मास्तर, गाडी चुकली काय?” पहिल्या दोन महिन्यांतच एक गोष्ट उघड झाली. पंधरा-सोळा किलोमीटरांपर्यंत आम्ही बरोबर असू; पुढे दादाचा वेग उतरे आणि माझा उतरत नसे. मी थांबू लागलो. हे दादाला खपले नाही. माकुणसारच्या एका पारावर बसून त्याने करार केला. “दोघं थांबलो तर दोघंही रिक्षानं घरी. त्यापेक्षा ज्याला जमेल त्यानं जायचं.” मी म्हटले, “आणि तुला काही झालं तर?” तो म्हणाला, “वाटेत डॉक्टर असतात. तू काय डॉक्टर आहेस?” यावर एम.ए. झालेल्या माणसाकडे उत्तर नव्हते.

डिसेंबरात विरारला आम्ही धावलो. आदल्या रात्रीच जाऊन राहावे लागले. सफाळे आणि विरार नकाशात शेजारी असली तरी मध्ये वैतरणेचे मुख आहे. आगगाडी चुकली तर मोटाररस्त्याने साठेक किलोमीटरांचा वळसा पडे. २०२५ साली मारंबळपाड्याहून खारवाडेश्रीला रो-रो बोट सुरू झाली, तिने हा वळसा वाचवला. पहाटे गारवा होता. नंतर आमच्या किनाऱ्याचे ते चिकट ऊन वर आले. बत्तिसाव्या किलोमीटरला दादा चालू लागला. मी वेग कमी केला, तसे त्याने कमरेच्या पिशवीतून उरलेले चार खजूर काढले, माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, “तू हो पुढे. मी येतोच मागनं.” मी पुढे झालो. मागे वळून दोनदा पाहिले. दुसऱ्यांदा तो दिसला नाही. ते दहा किलोमीटर मी ज्या भीतीने धावलो ती पायांची नव्हती. दादा माझ्यानंतर एकतीस मिनिटांनी आला, चालत नव्हे, धावत. निकालाच्या यादीत आमची नावे कितीतरी माणसांच्या अंतरावर आहेत. वहिनी म्हणतात, तुम्ही दोघे बरोबर धावलात. मी त्यांच्याशी सहमत आहे.

सगळे जग मात्र सहमत नाही, हे २०१६ साली दिसून आले. रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मॅरेथॉनला जर्मनीच्या अ‍ॅना आणि लिसा हानर या जुळ्या बहिणी धावत होत्या. पाऊण तास वर दोन तास होत आले तेव्हा दोघी हसत, हातात हात घालून रेषा ओलांडून गेल्या. एक्क्याऐंशीव्या आणि ब्याऐंशीव्या. छायाचित्र जगभर गेले. पण त्यांच्याच देशाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या अधिकाऱ्यांनी कान उपटले: ही ऑलिंपिकची शर्यत आहे, रविवारची मौज नव्हे, प्रत्येकीने आपली कमाल द्यायला हवी होती. बहिणींचे म्हणणे असे, की अ‍ॅना मागे पडली होती, तिने शेवटी अंतर भरून काढून लिसाला गाठले, आणि मग हात आपोआप हातात आला.

मोठी मौज अशी, की त्याच शर्यतीत उत्तर कोरियाच्या किम आडनावाच्या जुळ्या बहिणी दहाव्या आणि अकराव्या आल्या. दोघींची वेळ अगदी सेकंदापर्यंत एकच: दोन तास अठ्ठावीस मिनिटे छत्तीस सेकंद. त्यांना कोणी दोष दिला नाही. वेगवान माणसांनी सोबत केली तर ती पराक्रमात मोडते, मागच्यांनी केली तर मौजेत! एस्टोनियाच्या लुइक घराण्यातल्या तर तिळ्या बहिणी त्या दिवशी उभ्या होत्या. दोघींनी शर्यत पुरी केली, तिसरीला वाटेत सोडावी लागली, आणि उरलेल्या दोघी थांबल्या नाहीत. कासिदांच्या जोडीला हे लगेच समजले असते.

आणि आपली एक लेकही त्या रस्त्यावर होती. कविता राऊत, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. मोखाडा-जव्हारचे डोंगर ओलांडले की पलीकडे तिचे गाव. आमच्या पालघर जिल्ह्याच्या अगदी कडेला. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवलेली ही आदिवासी मुलगी रिओत एकशेविसावी आली, तीन तासांच्या आत. ती एकटीच धावली. तिच्या बरोबर हात धरायला कोणी नव्हते, आणि तिच्या निकालाचे छायाचित्र कोणी जगभर पाठवले नाही.

आपल्याकडे रस्त्यावरच्या कोणत्याही शर्यतीला मॅरेथॉन म्हणायची पद्धत पडली आहे. मोजमापाच्या माणसाने त्यावर नाक मुरडावे हे योग्यच. पण बारामतीच्या अशाच एका तीन किलोमीटरांच्या ‘मॅरेथॉन’पुढे मी मोजपट्टी गुंडाळून ठेवतो. २०१४ च्या सुमाराची गोष्ट. साठी ओलांडलेल्या लताबाई करे नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी त्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. आजारी नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते आणि बक्षिसाची रक्कम पाच हजार होती. त्यांच्या आयुष्यावर २०२० साली चित्रपट आला, त्यात त्यांची भूमिका त्यांनीच केली. भगवान करे त्या रस्त्यावर एक पाऊल धावले नाहीत. तरी ती शर्यत नवरा-बायकोची होती असे मी म्हणेन, आणि पंचांनी हरकत घेतली तरी माघार घेणार नाही.

अशी हरकत अमेरिकेत खरोखरच घेतली गेली. मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणाऱ्या डिक हॉइट या गृहस्थाचा मुलगा रिक जन्मतःच पांगळा होता; हातपाय चालत नव्हते, बोलता येत नव्हते. यंत्राच्या मदतीने तो शब्द जुळवी. १९७७ साली त्याने वडिलांना सांगितले, की मला एका पाच मैलांच्या शर्यतीत भाग घ्यायचा आहे. वडिलांनी त्याची चाकांची खुर्ची ढकलत ती शर्यत पुरी केली. पळताना आपण पांगळे आहोत असे वाटत नाही, हे मुलाचे घरी आल्यावरचे म्हणणे होते. मग बाप थांबला नाही. १९८१ साली दोघे बोस्टनच्या मॅरेथॉनला गेले. अधिकृत क्रमांक मिळेना. हा धावणारा एक की दोन? कोणत्या गटात घालायचा? शेवटी असे ठरले, की पात्रतेची वेळ लागेल ती मुलाच्या वयोगटाची. म्हणजे चाळिशीतल्या बापाने, समोर खुर्ची ढकलत, विशीतल्या तरुणाच्या वेळात धावून दाखवायचे. डिकने ते पावणेतीन तासांच्या आसपास धावून दाखवले. दोघांना क्रमांक मिळाला.

डोरांडोला हात लागला म्हणून तो बाद झाला होता. इथे चाळीस-बेचाळीस किलोमीटर एकाचे हात दुसऱ्याच्या खुर्चीवरून निघालेच नाहीत, आणि पंचांनी दोघांची नावे यादीत लिहिली. पाऊणशे वर्षांत नियमाने केवढा पल्ला गाठला!

बापलेक तीसहून अधिक वेळा बोस्टनला धावले. २०१४ साली डिक त्र्याहत्तर वर्षांचा होता, पाठ दुखत होती. त्या वर्षी त्याने आपली शेवटची बोस्टन मॅरेथॉन धावून घेतली. पुढच्या वर्षी रिक पुन्हा त्या रस्त्यावर होता. खुर्चीच्या दांडीवर ब्रायन लायन्स नावाच्या, त्यांच्या ओळखीतल्या एका दंतवैद्याचे हात होते.